वजनाच्या आधी उतरलेली शुगर

आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरात काय किंवा पुण्यात काय, कुणाला 'शुगर' निघाली की पहिला सल्ला ठरलेला: वजन कमी कर. वजन उतरलं की साखर उतरेल, हे गणित बरोबर आहे, पण अपुरं आहे. ते कसं कळलं, याची ही गोष्ट.

१९५५ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तीन मधुमेही रुग्णांची नोंद छापली. जठराचा मोठा भाग काढल्यावर त्यांचा मधुमेह सौम्य झाला होता. ऑपरेशन मधुमेहासाठी नव्हतंच, म्हणून फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९६६ मध्ये आयोवाच्या एडवर्ड मेसन यांनी लठ्ठपणासाठी गॅस्ट्रिक बायपास सुरू केला. जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडायची. नॉर्थ कॅरोलिनाचे वॉल्टर पोरीज ही शस्त्रक्रिया करत होते. रुग्णाचं वजन फारसं उतरायच्या आत, काही दिवसांतच इन्सुलिनची गरज कोसळते, हे त्यांनी पाहिलं. १९९५ मध्ये त्यांनी १४ वर्षांचा हिशोब मांडला: १४६ मधुमेही रुग्णांपैकी १२१ जणांची साखर नॉर्मल राहिली होती.

कारणं दोन. खाणं एकदम कमी होतं. शिवाय अन्न आतड्याच्या पुढच्या भागात लवकर पोचतं, तिथून जीएलपी-१ हे हार्मोन जास्त सुटतं आणि ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं.

भारतात प्रश्न आणखी वेगळा. २००४ मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणजे बारीक दिसणाऱ्यालाही धोका. २०१० मध्ये पुण्याच्या डॉ. शशांक शहा यांच्या गटाने बीएमआय ३५ च्या आतल्या १५ मधुमेही रुग्णांच्या बायपासचे निकाल छापले. त्यातले बहुतेक इन्सुलिनवर होते. तीन महिन्यांत सगळ्यांची मधुमेहाची औषधं थांबली.

या इतिहासातला धडा रोजच्या कामाचा आहे. ऑपरेशननंतर जुनाच डोस चालू ठेवला तर साखर धोकादायकरीत्या खाली जाते: घाम, थरथर, बेशुद्धी. म्हणून डॉक्टर डोस लगेच कमी करतात आणि दिवसातून अनेकदा साखर तपासायला लावतात. टाइप १ मध्ये मात्र गरज घटली तरी इन्सुलिन पूर्ण बंद करता येत नाही.

आणि 'सुटलं' म्हणजे कायमचं सुटलं असं नाही. स्वीडनच्या दीर्घ अभ्यासात दोन वर्षांनी ७२ टक्के रुग्ण मधुमेहमुक्त होते, १५ वर्षांनी ३० टक्के. इन्सुलिनची पेन कपाटात गेली तरी ग्लुकोमीटर हाताशीच हवा.