सहावा ठोका



शाळेचें घड्याळ आकाशवाणीच्या ठोक्यांवर जुळविण्याचें काम कित्येक वर्षें माझ्याकडे होतें. त्या ठोक्यांविषयीं मला कधीं शंका आली नाहीं. परंतु गेल्या दिवाळींत मुलानें दोन बिनतारी स्पीकर आणले आणि एक दिवाणखान्यांत, दुसरा स्वयंपाकघरांत ठेवला. भूपाळी एकच, पण मधल्या दारांत उभें राहिलें कीं, एक गायक दुसऱ्याच्या मागून धांवत असल्यासारखें वाटे! जुन्या रेडिओला जें आपोआप साधलें, तें नव्या यंत्राला कां साधूं नये?

याचें उत्तर इतिहासांत सांपडतें. समुद्रावर रेखांश काढावयास अचूक वेळ ठाऊक असावी लागते. म्हणून पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावरून १९१० सालीं जहाजांसाठीं बिनतारी कालसंकेत सुरू झाले. पुढें राजज्योतिषी सर फ्रँक डायसन ह्यांच्या पुढाकारानें ५ फेब्रुवारी १९२४ पासून ग्रीनिच वेधशाळेचे सहा ठोके बी. बी. सी. वरून ऐकूं येऊं लागले. वेधशाळेंतील घड्याळाच्या लंबकाला विजेची जोडणी होती. पहिले पांच ठोके सावध करीत. सहावा तासाचा आरंभ सांगे.

बिनतारी लहर सेकंदास सुमारें ३,००,००० किलोमीटर जाते. मुंबईहून पुण्यास पोहोंचावयास तिला सेकंदाचा हजारावा भागहि लागत नाहीं. शिवाय आलेल्या लहरीचा तत्काळ ध्वनि करणें, एवढेंच जुन्या रेडिओचें काम. त्याला स्वतःचें घड्याळच नव्हतें. मग चुकणार तें काय?

अंकीय प्रसारणानें ही स्थिति पालटली. बी. बी. सी. नें १९९५ सालीं तें सुरू केलें. ह्यांत ध्वनीचें रूपांतर संख्यांत करून ते गठ्ठे पाठवितात. घेणारें यंत्र ते साठवितें, उलगडतें आणि मग वाजवितें. एवढ्या खटाटोपांत सहावा ठोका कानीं पडतो, तोंवर खरी वेळ टळून गेलेली असते. आणि प्रत्येक यंत्राचा विलंब निराळा.

त्यांतच प्रत्येक यंत्राचें स्वतःचें स्फटिक-घड्याळ आलें. वॉरन मॅरिसन ह्यांनीं १९२७ सालीं सिद्ध केलेलें स्फटिकाचें घड्याळ मोठें नेमकें खरें. तरी साध्या स्फटिकाची गति दहा लाखांत वीस भागांनीं चुकली, तर दिवसाकाठीं पावणेदोन सेकंदांचें अंतर पडतें. दोन स्पीकर एकाच क्षणीं सुरू केले, तरी ते हळूहळू एकमेकांपासून दुरावणारच.

उपाय मोठा साधा आहे. डेव्हिड मिल्स ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९८५ सालीं मांडलेल्या पद्धतींत एक संगणक दुसऱ्यास वेळ विचारतो, निरोपाच्या जाण्यायेण्यास लागलेला काळ मोजतो, आणि त्याचा निम्मा हिशेबांत धरून आपलें घड्याळ सुधारतो. एकत्र वाजणारे अनेक स्पीकर ह्याच तत्त्वावर चालतात. प्रत्येक गठ्ठ्यावर तो वाजविण्याचा क्षण लिहिलेला असतो. स्पीकर त्या क्षणाची वाट पाहतो, आणि घड्याळ मागेंपुढें झालें कीं वाजविण्याची गति कानास न कळेल इतकी बदलतो. आमचे दोन स्पीकरहि मुलानें एका गटांत जोडले, आणि भूपाळी दोन्ही खोल्यांत एकाच क्षणीं उमटूं लागली.

तेव्हां अंकीय यंत्रावरील ठोके ऐकून कोणीं घड्याळ लावूं नये. तो विश्वास जुन्या रेडिओपुरताच खरा होता. ज्याला स्वतःचें घड्याळ आहे, त्यानें तें वारंवार दुसऱ्याला विचारून तपासलें पाहिजे.