पाचांतला एक

मुलांना गाणं शिकवताना मी एक पथ्य कटाक्षाने पाळतो. आवाज फुटायला लागला की वरच्या पट्टीतलं गाणं बंद. वर्ष जाईल, दोन जातील. घाई करायची नाही. म्हणून फ्रँकी लायमनची हकीकत मला फार लागते.

1942 साली न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये जन्मलेला हा पोरगा. वडील ट्रक चालवायचे, आई लोकांच्या घरी कामाला जायची. त्या वस्त्यांतली मुलं कोपऱ्यावर, जिन्याखाली, आवाज घुमेल अशा कुठल्याही जागी जमून वाद्यांवाचून गायची. एकाने खर्ज धरायचा, दोघातिघांनी मधले स्वर भरायचे, अर्थ नसलेल्या अक्षरांवर लय चालवायची आणि एकाने वर गाणं न्यायचं. हेच डू-वॉप. फ्रँकीच्या गटात तो, शर्मन गार्न्स आणि जिमी मर्चंट कृष्णवर्णीय, तर हर्मन सँटियागो आणि जो नेग्रोनी पोर्तो रिकोच्या घरांतले. नाव ‘टीनएजर्स’.

जानेवारी 1956 मध्ये त्यांची ‘व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह’ ही तबकडी निघाली. आधी मुख्य गायक होता सँटियागो. रेकॉर्डिंगला ती जागा तेरा वर्षांच्या फ्रँकीने घेतली. सुरुवातीला ऐकू येतो तो गार्न्सचा एकट्याचा खर्ज. ती जमीन तयार झाल्यावर फ्रँकी येतो आणि तारसप्तकात इतका सहज फिरतो, की गळा ताणल्याची खूण कुठेही सापडत नाही. त्याच वर्षी हे गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं.

धंदेवाल्यांना मात्र पाचांतला एकच दिसला. 1957 साली फ्रँकीला वेगळं काढून एकटा गायक म्हणून उभं केलं. त्याच उन्हाळ्यात ॲलन फ्रीडच्या टीव्ही कार्यक्रमात तो एका गोऱ्या मुलीबरोबर नाचताना दिसला, अमेरिकेच्या दक्षिणेकडून ओरड झाली आणि कार्यक्रम बंद पडला. पाठोपाठ आवाज फुटला. खाली खर्ज नाही, बाजूला सोबती नाहीत, आणि लोकांना हवा तोच जुना कोवळा गळा. पंधराव्या वर्षीच हेरॉइन लागल्याचं पुढे त्याने स्वतः सांगितलं. त्याला हेरॉइनने नेलं हे खरंच. पण माझ्या मते त्याला एकटं पाडलं तेव्हाच घात झाला. 27 फेब्रुवारी 1968 रोजी हार्लेममध्ये, आजीच्या घरी तो गेला. वय पंचवीस.

1981 साली गायिका डायना रॉसने तेच गाणं पुन्हा गाजवलं आणि त्याच्या पैशांवर हक्क सांगायला स्वतःला फ्रँकीची विधवा म्हणवणाऱ्या तिघी कोर्टात उभ्या राहिल्या. गीतकार म्हणून हक्कनोंदणीत सोबत्यांची नावं नव्हती. फ्रँकीबरोबर निर्माता जॉर्ज गोल्डनरचं होतं, नंतर गोल्डनरच्या जागी त्याच्या कंपन्या विकत घेणाऱ्या मॉरिस लेव्हीचं आलं. सँटियागो आणि मर्चंटही कोर्टात गेले. 1992 साली ज्यूरीने त्यांना सहलेखक मानलं. 1996 साली वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला: दावा करायला उशीर झाला, एवढ्याच कारणावर.