लिंकखालची चौकट: प्रिव्ह्यूचा छोटा इतिहास आणि माझ्या टूलची नोंदवही

व्हॉट्सॲपवर कुणी बातमीची लिंक टाकली की सोबत एक चौकट येते: फोटो, शीर्षक, दोन ओळी. आमच्या इंदापूर-बारामतीकडच्या ग्रुपवर बरेच जण तेवढंच वाचतात आणि मत देऊन मोकळे होतात. मीही त्यातलाच. पण हीच चौकट डेटा म्हणून गोळा करायला गेलो आणि चांगलाच फसलो.

विषय घरचाच होता. एप्रिल २०२१ मध्ये उजनीतून ५ टीएमसी पाणी इंदापूर तालुक्याला देण्याचा निर्णय झाला. सोलापूर जिल्ह्यात जोरदार विरोध झाला आणि मे महिन्यात तो निर्णय रद्द झाला. धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यात, फुगवटा आमच्या भिगवणपर्यंत. एकाच पाण्याची बातमी दोन्हीकडे कोणत्या शीर्षकाने फिरली, हे मला बघायचं होतं. २०२३ मध्ये पायथनमध्ये एक छोटं टूल लिहिलं: सार्वजनिक पोस्टमधली लिंक घ्यायची, पान उघडायचं, शीर्षक आणि सारांश तक्त्यात भरायचा. तक्ता मॅडमना दाखवला. त्यांनी एकच विचारलं, "हे शीर्षक २०२१ मध्ये लोकांनी वाचलं होतं, की तुझ्या टूलने काल वाचलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधताना या चौकटीचा इतिहास वाचावा लागला.

सुरुवातीला लिंक म्हणजे नुसता निळा पत्ता. २००८ मध्ये ओएम्बेड नावाची पद्धत आली. एका साइटवरचा फोटो किंवा व्हिडिओ दुसऱ्या साइटवर कसा दाखवायचा, हे तिने ठरवून दिलं. एप्रिल २०१० मध्ये फेसबुकने ओपन ग्राफ आणला. पानाच्या एचटीएमएलमध्ये वाचकाला न दिसणाऱ्या चार गोष्टी लिहायच्या: शीर्षक, प्रकार, चित्र, पत्ता. २०१२ मध्ये ट्विटरने स्वतःची कार्डं आणली. म्हणजे बघा, चौकटीतलं शीर्षक हे बातमीच्या मथळ्यासारखंच असेल असं नाही. प्रकाशकाने यंत्रासाठी वेगळं लिहिलेलं असू शकतं.

तेही कायम नसतं. पोस्ट टाकताना चौकटीतला मजकूर बदलायची सोय फेसबुकवर बरीच वर्षं होती. खोट्या बातम्यांमुळे २०१७ मध्ये ती काढून घेतली. ऑक्टोबर २०२३ मध्ये एक्सने, म्हणजे जुन्या ट्विटरने, चौकटीतून शीर्षकच काढलं, आणि पुढे परत आणलं. व्हॉट्सॲपची तर वेगळीच तऱ्हा. तिथे संदेश एन्क्रिप्ट होतो, म्हणून प्रिव्ह्यू पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होतो आणि संदेशासोबत जातो. पुढे पान बदललं तरी ग्रुपवरची जुनी चौकट तशीच राहते. ग्रुपवरची चौकट त्या दिवसाची, माझ्या तक्त्यातली आजची!

मराठीची आणखी एक भानगड आहे. युनिकोड रुळण्याआधी अनेक मराठी साइट स्वतःचे फॉन्ट वापरायच्या. पडद्यावर देवनागरी दिसायची, पण पानाच्या पोटात रोमन अक्षरं आणि चिन्हंच असायची. अशा जुन्या पानावरून टूल निव्वळ कचरा आणतं. युनिकोडमध्येही सांभाळावं लागतं. 'इंदापूर' या शब्दात ७ चिन्हं आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला ३ बाइट लागतात, एकूण २१. टूलने सारांश २० बाइटवर कापला, तर शेवटचा 'र' तुटतो आणि तिथे प्रश्नचिन्हाचा ठोकळा दिसतो.

माझ्या तक्त्यात तर पाच वेगळ्या लिंकना एकच शीर्षक होतं. त्या बातम्या साइटवरून गेल्या होत्या आणि सर्व्हर गुपचूप मुख्यपानावर पाठवत होता. उत्तराचा कोड मात्र २००, म्हणजे "सगळं ठीक". मी त्यावर विश्वास ठेवला होता.

आता टूलसोबत एक नोंदवही ठेवतो. प्रत्येक लिंकसाठी त्यात हे असतं:

१. पोस्टची तारीख, आणि पान आणल्याची तारीख-वेळ वेगळी.
२. पोस्टमधला छोटा पत्ता आणि शेवटी उघडलेला पत्ता, दोन्ही.
३. शीर्षक कुठून घेतलं: ओपन ग्राफ, ट्विटर कार्ड की साधं टायटल.
४. टूलने स्वतःची ओळख काय सांगितली. काही साइट ब्राउझरला एक आणि बॉटला दुसरंच पान देतात.
५. आलेलं कच्चं एचटीएमएल, जसंच्या तसं.
६. काय मिळालं नाही, आणि का. रिकामी जागा अंदाजाने भरायची नाही.

जुन्या लिंकसाठी आधी वेबॅक मशीनमध्ये त्या दिवसांची प्रत शोधतो. मिळाली तर प्रतीची तारीख लिहितो. नाही मिळाली तर ती ओळ शीर्षकांच्या विश्लेषणातून बाहेर. माझ्या बऱ्याच ओळी अशा गेल्या. वाईट वाटलं, पण उरलेल्या प्रत्येक ओळीबद्दल मॅडमच्या प्रश्नाला आता उत्तर देता येतं.

पेट किंवा सेटची तयारी करणाऱ्यांना एवढंच सांगेन: डॉक्युमेंटेशन हे प्रबंध लिहून झाल्यावर करायचं काम नाही. टूल पहिल्यांदा चालवाल, त्याच दिवशी वहीचं पहिलं पान लिहा. दोन वर्षांनी तुमच्या डेटाचा इतिहास सांगायला तेवढीच वही असेल.