वैशाखातली शाकारणी

आमचे घर शिळफाट्यावर. मुंबईहून पुण्याकडे जाणारा जुना रस्ता घाट चढण्यापूर्वी आमच्या दारावरून जातो. इथला पाऊस ज्याने पाहिला नाही, त्याला पाऊस म्हणजे काय ते समजावून सांगता येणार नाही. घाटमाथ्यावर अडलेले ढग एकदा रिकामे होऊ लागले, की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही.

माझ्या लहानपणी घरावर मंगलोरी कौले होती. वैशाख आला, की वडील भिंतीला शिडी लावीत. आम्ही भावंडे खाली उभे राहून चांगली कौले हातोहात वर देत असू. त्या उन्हातान्हात वर कशाला चढता, म्हणून आई कुरकुरे. आकाश निरभ्र असताना छप्पर दुरुस्त करायचे, हे आम्हा मुलांनाही विचित्र वाटे. वडील म्हणत, "अरे, भोक दिसले ह्याचे दुःख करू नये. दिसले ते बरेच झाले. पण दिसल्यावर मिरग येईपर्यंत ते तसेच राहिले, तर तो दोष आपला."

वडील जाऊन पुष्कळ वर्षे झाली. घरावर आता स्लॅब आहे. परंतु त्यांच्या ह्या बोलण्याचा खरा अर्थ मला कळला तो २०१७ साली, आणि तोही एका संगणकाच्या निमित्ताने. दिवाळीच्या फराळाबरोबर संगणकाचा विषय कशाला, असे वाचकांना वाटेल. पण आज ज्या घरात करंज्या तळल्या जातात, त्याच घरात एखादा संगणकही असतो, आणि त्या घराच्या आठवणी, हिशेब, कागदपत्रे त्याच्या पोटात असतात. तेव्हा त्याच्या छपराची चौकशी करणे अगदीच अप्रस्तुत ठरू नये.

संगणक चालतो तो माणसाने लिहिलेल्या आज्ञांवर. विंडोजसारख्या प्रणालीत अशा कोट्यवधी ओळी असतात. माणसाने लिहिलेल्या इतक्या ओळींत चूक राहणारच. बहुतेक चुका निरुपद्रवी असतात, पण एखादी अशी असते, की तिच्यातून परक्याला आत शिरता येते. अशी चूक कोणाला तरी सापडते, मग कंपनी ती बुजवणारी दुरुस्ती तयार करते आणि इंटरनेटवरून घरोघर पाठवते. ह्यालाच आपण 'अपडेट' म्हणतो.

चूक सापडली तर पुढे काय करायचे, हा प्रश्न मात्र संगणकापेक्षा फार जुना आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या रायगडावरची हिरकणीची कथा महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. कोजागिरीच्या दिवशी दूध घालायला गडावर गेलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, घरी तान्हे मूल, आणि रात्री कडा उतरून गेलेली आई. तिच्या मायेचे आपण नेहमी कौतुक करतो. पण कथेचा उत्तरार्ध पाहा. जिथून एक बाई उतरू शकते, तिथून शत्रू चढू शकतो, हे महाराजांनी ओळखले. त्यांनी हिरकणीचा सन्मान केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधला. वाट दाखविणाऱ्याला शिक्षा नाही, आणि वाट बुजवायला विलंब नाही!

ह्याच्या उलट कथा आमच्या डोक्यावर, बोरघाटात आहे. जुन्या रस्त्याने घाट चढताना शिंगरोबाचे देऊळ लागते. येणारेजाणारे तिथे हात जोडून पुढे जातात. घाटातली वाट इंग्रजांना ह्या धनगराने दाखविली आणि बक्षिसाऐवजी स्वातंत्र्य मागताच त्याला गोळी घातली गेली, अशी दंतकथा आहे. ह्या दोन्ही कथा इतिहासाच्या कसोटीला कितपत उतरतात, तो वाद मी इथे घालीत नाही. वाट दाखविणाऱ्याशी वागण्याच्या दोन रीती त्यांत दिसतात, एवढेच मला पुरे आहे. संगणकाच्या जगाने ह्या दोन्ही रीती वापरून पाहिल्या. चूक दाखविणाऱ्यांना आरंभी कोर्टाची धमकी मिळे, तर पुढे १९९५ साली नेटस्केप कंपनीने अशा चुका शोधणाऱ्यांसाठी बक्षिसे जाहीर केली.

आरंभीचे व्हायरस फ्लॉपीवरून फिरत. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' असाच जगभर गेला. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने एक 'वर्म' सोडला. हा किडा तारांवरून आपणहून एका यंत्रातून दुसऱ्यात जाई. त्या वेळी सारे इंटरनेट सुमारे ६० हजार यंत्रांचे होते, आणि त्यांतली अंदाजे ६ हजार ह्या एका किड्याने जायबंदी केली. ह्या धक्क्यानंतर पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात अशा संकटांची खबर घेणारे पहिले केंद्र उभे राहिले. आपल्या देशात तशी संस्था, 'सर्ट-इन', २००४ साली निघाली.

ह्या इतिहासात एक पान मराठी माणसांचेही आहे. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत. पुढे ते संगणक दुरुस्तीकडे वळले. दुकानात येणारी कित्येक यंत्रे व्हायरसनेच आजारी असतात, हे पाहून त्यांचे धाकटे बंधू संजय ह्यांनी त्यांवर उतारा लिहायला घेतला. त्यातून १९९५ साली 'क्विक हील' आले. आपल्याकडच्या पुष्कळ घरांत संगणकाच्या रक्षणाचा पहिला धडा ह्या नावानेच गिरवला गेला.

परंतु उतारा वेगळा आणि शाकारणी वेगळी. ह्यांतला फरक जगाला २००३ साली कळला. त्या वर्षी १६ जुलैला विंडोजमधल्या एका चुकीची दुरुस्ती प्रसिद्ध झाली, आणि ११ ऑगस्टला त्याच चुकीतून शिरणारा 'ब्लास्टर' घरोघरच्या संगणकांत आला. पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू होई आणि यंत्र आपोआप बंद पडे. दुरुस्ती आधी आणि हल्ला नंतर, हे कसे? कारण सोपे आहे. दुरुस्ती प्रसिद्ध झाली, की जुने व नवे शेजारी ठेवून भोक कोठे होते ते जाणकाराला ताडता येते. म्हणजे दुरुस्तीबरोबर भोकाची दवंडीही पिटली जाते. त्या क्षणापासून शर्यत सुरू होते. एका बाजूला चोर, दुसऱ्या बाजूला आपला आळस.

आता २०१७ सालाकडे वळतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला विंडोजमधली एक मोठी चूक सापडली होती. तिने ती कंपनीला कळविली नाही. स्वतःच्या हेरगिरीसाठी गुप्त ठेवली. म्हणजे हिरकणीची वाट सापडली, पण बुरूज बांधलाच नाही! पुढे ते गुपित तिच्याकडून फुटले. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दुरुस्ती दिली. १४ एप्रिलला 'शॅडो ब्रोकर्स' म्हणविणाऱ्या टोळीने चोरलेले हत्यार सर्वांसमोर उघडे टाकले. आणि शुक्रवार, १२ मे रोजी 'वॉनाक्राय' जगावर कोसळले. दुरुस्ती येऊन तोवर एकोणसाठ दिवस झाले होते.

त्या एकोणसाठ दिवसांची कबुली मला द्यावयाची आहे.

आमच्या फाट्यावर लग्नमुंजीचे फोटो काढणारे एक गृहस्थ आहेत. ते माझे जुने विद्यार्थी. मी निवृत्त शिक्षक, त्यातून घरी संगणक असलेला, म्हणून अडले की ते मला विचारायला येत. इंटरनेटसाठी ते डोंगल वापरीत. एकदा ते म्हणाले, "गुरुजी, हे अपडेट महिन्याचा सगळा डेटा खाऊन टाकतंय हो." मी मोठ्या ऐटीत सांगितले, "बंद करून टाका. यंत्र चालतंय ना? मग कशाला हात लावायचा!" एवढेच नव्हे, ते कसे बंद करावयाचे तेही मीच दाखविले. माझ्याही यंत्रावर तोच संदेश येई, आणि मीही रोज 'नंतर' वर बोट ठेवी.

त्या शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. "गुरुजी, हे काय म्हणतंय, जरा बघायला येता का?" मी गेलो. पडद्यावर लाल चौकट होती, तिच्यात दोन घड्याळे उलटी चालली होती. तीनशे डॉलर, म्हणजे सुमारे १९ हजार रुपये भरा, तीन दिवसांनी दुप्पट, आणि सात दिवसांनी सारे कायमचे गेले, असा मजकूर. त्या लग्नसराईतले सगळे फोटो त्या यंत्रात होते. दुसरी प्रत कोठेही नव्हती. माझा मुलगा पुण्यास असतो, त्याला फोन लावला. तो आधी म्हणाला, "बाबा, पहिल्यांदा डोंगल काढा, आणि घरचा संगणकही चालू करू नका." पैसे भरावे काय, असे विचारता तो नको म्हणाला. पैसे कोणी भरले हे ओळखण्याची नीट सोयही त्या चोरांनी केलेली नव्हती, हे पुढे उघड झाले.

त्याच दिवशी इंग्लंडमध्ये मार्कस हचिन्स ह्या २२ वर्षांच्या तरुणाने त्या किड्याची चिरफाड करताना एक विचित्र पत्ता पाहिला. किडा पसरण्यापूर्वी त्या पत्त्यावर कोणी आहे का, हे विचारीत असे. पत्ता कोणाच्याच नावावर नव्हता. ह्या तरुणाने तो सुमारे अकरा डॉलरला विकत घेतला आणि किड्याची धाव थांबली. तोवर दीडशेवर देशांत दोन लाखांहून अधिक यंत्रे बाधित झाली होती. इंग्लंडमधल्या इस्पितळांना रुग्ण परत पाठवावे लागले. आमच्या फाट्यावरचे एक यंत्र त्या मोजणीत कोणी धरले असेल असे वाटत नाही.

त्यात एका मुलीच्या लग्नाचे फोटो होते. तिचे वडील लग्नानंतर दोन महिन्यांनी वारले. ती माहेरी आली तेव्हा दुकानात फोटो विचारायला गेली. दुकानदाराने माझे नाव घेतले नाही. त्याने ते घेतले असते, तर मला बरे वाटले असते.

एवढे होऊनही जग शहाणे झाले नाही. २७ जून २०१७ रोजी त्याच चुकीचा उपयोग करणारा 'नॉटपेट्या' आला. तो युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून निघाला आणि मर्स्क ह्या जहाज कंपनीच्या जाळ्यातून आमच्या रायगड जिल्ह्यात, न्हावा-शेव्याच्या बंदरावर पोचला. तिथल्या मर्स्कच्या टर्मिनलचे संगणक बंद पडले, माल हातांनी नोंदून हलवण्याची पाळी आली आणि कंटेनर तुंबले. मर्स्कला दहा दिवसांत सुमारे ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले. कंपनीच्या जाळ्याची एक महत्त्वाची नोंद वाचली ती फक्त घानामध्ये, कारण तिथे त्या वेळी वीज गेलेली होती! वीज गेली की आपण सरकारला शिव्या देतो. मर्स्कने मात्र त्या दिवशी तिचे आभार मानले असतील.

ह्या नॉटपेट्याची एक खोड लक्षात ठेवण्यासारखी आहे. एका जाळ्यात एक जरी न शाकारलेले यंत्र सापडले, तरी तिथले पासवर्ड उचलून तो शाकारलेल्या शेजाऱ्यांतही शिरे. चाळीत एकाचे कौल फुटले, की ओल शेजारच्या भिंतीलाही धरते, तसाच हा प्रकार.

तेव्हा घरच्या माणसाने करावे तरी काय? फार थोडे. अपडेट आपोआप येऊ द्यावे, आणि यंत्र बंद करून सुरू करावयास सांगितले तर ते त्याच दिवशी करावे. मोबाइल आणि इंटरनेटचा राउटर ह्यांचेही छप्पर असतेच, तेही पाहावे. जे गमावून चालणार नाही, त्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी आणि काम होताच ती डिस्क यंत्रापासून काढून कपाटात ठेवावी. जोडून ठेवलेली प्रत यंत्राबरोबरच बुडते. नव्या चुकीची बातमी आली, की 'दुरुस्तीसाठी इथे दाबा' असे खोटे संदेशही येतात. दुरुस्ती यंत्राच्या स्वतःच्या सेटिंगमधूनच घ्यावी. आणि प्रणाली किती जुनी आहे ते पाहावे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. वाढीव मुदतीसाठी नोंद केलेली यंत्रे सोडली, तर बाकीच्यांत नवे भोक सापडले तरी बुजवायला कोणी येणार नाही. यंत्र दिसायला धडधाकट असते, म्हणूनच हा धोका डोळ्यांत भरत नाही.

आमच्या फोटोवाल्यांच्या सर्व फोटोंची एक प्रत आता माझ्या कपाटात, लोखंडी डब्यात असते. दर महिन्याला ते नवी डिस्क आणून देतात आणि जुनी नेतात. त्या मुलीला पुढे कोणा नातेवाइकाच्या मोबाइलमधून एक फोटो मिळाला, जरा हललेला. पण त्यात वडील हसताना दिसतात.

हा लेख लिहीत असताना पडद्याच्या कोपऱ्यात तो परिचित संदेश आला आहे. 'आता' आणि 'नंतर' असे दोन पर्याय आहेत. 'आता' दाबून मी चहा टाकायला उठतो. बाहेर कंटेनर घेऊन ट्रेलर घाटाकडे चालले आहेत, आणि आकाश अगदी निरभ्र आहे.