प्रश्न विचारण्याची जागा

उपेक्षितांचा पहिला आसरा म्हणजे निर्भयपणे प्रश्न विचारता येण्याची जागा होय, असे आम्हांस वाटते. स्त्री व पुरुष या दोहोंविषयीही ज्यांस प्रेम वाटते, अशा माणसांचा महाराष्ट्रातील इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

रघुनाथ धोंडो कर्वे यांचे 'समाजस्वास्थ्य' हे मासिक १९२७ पासून १९५३ पर्यंत चालले. त्यात वाचकांच्या कामविषयक प्रश्नांस उत्तरे दिली जात. समलिंगी आकर्षणाचा प्रश्नही वर्ज्य मानला जात नसे. अशा उत्तरांवरूनच १९३४ साली कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. तथापि कर्व्यांस २०० रुपये दंड झालाच.

या जागेचे महत्त्व खेड्याच्या दृष्टीने विशेष आहे. नीरा-बारामती रस्त्यावरील कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या गावी पारावर कोणीही बसावे. पण तेथे असा प्रश्न काढला, तर तो सायंकाळपर्यंत घरोघर पोहोचावयाचा. टपालाने पाठविलेल्या पत्रास ते भय नाही. शिवाय, आपण अमुक वर्गातले आहोत असे आधी जाहीर करण्याची सक्तीही पत्रलेखकावर नसते.

पुढे १९९० साली अशोक राव कवी यांनी मुंबईत 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक काढले, १९९४ साली 'हमसफर ट्रस्ट' उभा राहिला आणि २००२ साली बिंदुमाधव खिरे यांनी पुण्यात 'समपथिक ट्रस्ट' स्थापिला. पत्रातील प्रश्नास आता समोर बसून ऐकणारा माणूस मिळाला. हे सारे घडले ते १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ व्या कलमाच्या छायेत. सज्ञान व्यक्तींच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते ते कलम सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द ठरविले.

इतके होऊनही उभयलैंगिक मनुष्य पुष्कळदा उंबरठ्यावरच राहतो. भाषाच त्यास प्रथम अडविते. शालेय पुस्तकांत गांडूळ 'उभयलिंगी' असते, आणि तोच शब्द या माणसांसही लावतात. वास्तविक तेथे शरीररचनेची गोष्ट आहे, येथे मनाच्या ओढीची. नंतर माणसे अडवितात. घरचे म्हणतात, लग्न झाले की सारे सुरळीत होईल. समदुःखी म्हणतात, तू खरे बोलावयास भितोस. किन्से यांनी १९४८ सालीच शून्यापासून सहापर्यंतची श्रेणी मांडून दाखविले होते की, दोन टोकांच्या मधल्या पायऱ्यांवरही माणसे असतात.

असा मनुष्य विवाह करून सुखी व एकनिष्ठ राहू शकतो. त्याची ओढ मात्र विवाहाने बदलत नाही. ती बदलेल या आशेने मौन पाळावयास लावणे हा त्याच्यावर, आणि त्याहूनही त्याच्या जोडीदारावर, अन्याय आहे. कर्व्यांनी दंड सोसून जी जागा मासिकाच्या पानांत राखली, ती सुशिक्षित घरांच्या बैठकीत आज कितपत आहे, याचा विचार वाचकांनी आपापल्या घरापुरता तरी करावा.