जलयुक्त शिवार अभियान

कोरडवाहू गावांत मृद्-जलसंधारणाची कामे एकत्रितपणे करण्यासाठी महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१४ मध्ये हाती घेतलेला कार्यक्रम. ‘सर्वांसाठी पाणी – टंचाईमुक्त महाराष्ट्र २०१९’ हे त्याचे घोषवाक्य होते. वर्षाला ५ हजार याप्रमाणे पाच वर्षांत २५ हजार गावे टंचाईतून बाहेर काढायची, असे उद्दिष्ट ठरले. शिवारात पडलेले पाणी शिवारातच अडवायचे ही कल्पना जुनीच होती. नवे होते ते तिच्यासाठी पैसा उभा करण्याचे तंत्र.

दुष्काळाच्या कामाला हक्काचा पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न महाराष्ट्राला १९७२ पासून सतावत आला आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेने त्याचे एक धाडसी उत्तर दिले होते. शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घ्यायचा आणि त्यातून खेड्यातल्या हातांना काम द्यायचे. त्या कामांतून असंख्य पाझर तलाव, नालाबांध आणि बांधबंदिस्ती उभी राहिली. १९९२ मध्ये जलसंधारणासाठी स्वतंत्र खातेही झाले. पण कृषी, वन, लघुपाटबंधारे, भूजल सर्वेक्षण, जिल्हा परिषद अशी प्रत्येकाची योजना वेगळी आणि लेखाशीर्षही वेगळे. एकाच ओढ्यावर वरच्या अंगाला एका खात्याचा बांध आणि खाली दुसऱ्याचा, अन् दोघांच्या नकाशांत एकमेकांचा पत्ता नाही, असा कारभार चालू होता.

जलयुक्त शिवारने ही सगळी शीर्षे जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर आणून ठेवली. जिल्हा वार्षिक योजना, केंद्राचा पाणलोट कार्यक्रम, रोजगार हमी, आमदार-खासदार निधी असे जे मिळेल ते गावाच्या एकाच आराखड्यात घालायचे. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी आला. शिर्डी संस्थान आणि सिद्धिविनायक न्यासाने देणग्या दिल्या. लोकवर्गणीही बरीच जमली. २०१६ पासून पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेने श्रमदानाला उत्सवाचे रूप दिले. पहिल्या वर्षी स्पर्धा वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीनच तालुक्यांत झाली आणि कोरेगावातले वेळू गाव पहिले आले. ही मोहीम शासनाची नव्हती, पण दोन्हींची कामे एकाच माळावर शेजारीशेजारी चालली. सरकारी कामात एवढी गर्दी महाराष्ट्राने फार वर्षांनी पाहिली.

कामांची यादी लांब आहे : सलग समतल चर, कंपार्टमेंट बंडिंग, सिमेंट नालाबांध, कोल्हापुरी बंधाऱ्यांची दुरुस्ती, विहीर पुनर्भरण, तलावांतला गाळ काढणे. डोळ्यांत भरले ते मात्र नाला खोलीकरण-रुंदीकरण. पोकलेन लावले की आठवड्याभरात काम दिसते, मोजता येते, फोटोही चांगला येतो. डोंगरउतारावरच्या चरांचे तसे नाही. ते चालून गेल्याशिवाय नजरेस पडत नाहीत. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले खोल करून विहिरींना पाणी आले होते, त्या ‘शिरपूर पॅटर्न’चा दाखला सर्वत्र दिला जाऊ लागला. तापीकाठी गाळाचे जाड थर आहेत. राज्याचा सुमारे चार पंचमांश भाग मात्र बेसॉल्टवर वसला आहे. त्यात पाणी धरतो तो वरचा मुरुमाचा आणि भेगाळ खडकाचा थर. तो खरवडून खालच्या अखंड पाषाणापर्यंत गेले की उरतो तो नुसता उघडा हौद, आणि शेजारच्या विहिरींतले पाणीही त्याच्यात उतरू लागते. हा आक्षेप भूजलशास्त्रज्ञांनी सुरुवातीपासून घेतला. ‘माथा ते पायथा’ हे तत्त्व शासनाच्या कागदांतही होते. यंत्रे बहुतेक ठिकाणी पायथ्यापासूनच लागली.

अभियानातली सर्वांत मोलाची आणि सर्वांत कमी चर्चिली गेलेली गोष्ट म्हणजे गावाचा पाण्याचा ताळेबंद. हिशेब सोपा आहे. हजार हेक्टरांच्या शिवारावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ५०० कोटी लिटर पाणी पडते. दोन हजार वस्तीला माणशी दररोज ५५ लिटर धरले, तरी वर्षाला लागते जेमतेम ४ कोटी लिटर. म्हणजे नुसत्या पिण्या-वापरण्याचा प्रश्न असता, तर टँकर लागायलाच नको. उसाच्या एका हेक्टराला मात्र दीड ते अडीच कोटी लिटर पाणी लागते. दोन-तीन हेक्टर ऊस साऱ्या गावाच्या वर्षाच्या घरगुती पाण्याएवढे पाणी पितो. ताळेबंदाची जमेची बाजू वाढवायला शासनाने पैसा दिला; खर्चाच्या बाजूला हात लावला नाही. हिवरे बाजार हे गाव दरवर्षी उपलब्ध पाणी मोजते, त्यावरून पिके ठरवते आणि शेतीसाठी बोअर घेऊ देत नाही. तिथले चर आणि बांध सगळ्यांनी पाहिले, नियम फार थोड्यांनी उचलले.

निकालांवरून वाद झाला. अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा यांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. त्यानंतर माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ऑक्टोबर २०१८ मध्ये शिर्डीच्या सभेत पंतप्रधानांनी राज्यातली १६ हजार गावे दुष्काळमुक्त झाल्याचे सांगितले, आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला राज्य शासनाने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. पाऊस कमी झाला होता हे खरे, पण कमी पावसातही तगावे यासाठीच तर अभियान होते.

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचा अहवाल सप्टेंबर २०२० मध्ये विधिमंडळात मांडला गेला. सुमारे ९,६३४ कोटी रुपये खर्चूनही पाण्याची गरज भागवण्यात आणि भूजल पातळी वाढवण्यात अभियानाचा प्रभाव अल्प राहिला, असा त्याचा निष्कर्ष होता. सहा जिल्ह्यांतल्या १२० गावांची तपासणी त्यामागे होती. देखभालीसाठी गावपातळीवर पाण्याचा उपकर घ्यायचा होता, तोही घेतला गेला नाही, हे त्यात नोंदले आहे. बांध बांधायला निधी मिळतो; दोन पावसाळ्यांनी साचलेला गाळ उपसायला मिळत नाही. त्यानंतर महाविकास आघाडी सरकारने खुल्या चौकशीचा निर्णय घेतला. २०२२ मध्ये सत्ता बदलली आणि त्याच वर्षअखेरीस ‘जलयुक्त शिवार २.०’ मंजूर झाले.

सगळा पैसा वाया गेला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जिथे पाणलोट नीट पाहून काम झाले, तिथे विहिरींचे पाणी उन्हाळ्यात काही आठवडे जास्त टिकले आणि एखाद्या संरक्षित पाण्यावर खरिपाचे पीक हाती आले. कोरडवाहू शेतकऱ्याला तेवढेही पुष्कळ असते. पण अडवलेले पाणी कोणी किती उपसायचे, हे ठरवण्याची तरतूद आहे ती २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळायला २०१३ उजाडले, आणि नियमांचा मसुदा प्रसिद्ध झाला तो २०१८ मध्ये, अभियानाचे चौथे वर्ष चालू असताना.