सिंधुदुर्गाचे खडक आणि टाकीतला ‘निमो’

#थ्रेड
२५ नोव्हेंबर १६६४. मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्यापाशी पूजन होऊन कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या उभारणीस आरंभ झाला. भोवतालचे पाण्याखालील खडक हाच या दुर्गाचा पहिला तट. परक्या जहाजांना त्यांतून वाट काढणे अवघड होते.

याच किनाऱ्यावरील जिवंत प्रवाळांची शास्त्रीय नोंद मात्र १९७९ साली झाली. ती गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे कासिम आणि वाफर यांनी केली.

१३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. क्षेत्र २९.१२ चौ. किमी, त्यातील गाभा ३.१८ चौ. किमी. स्थानिक मच्छीमारांनी विरोध केला, आणि तो अनाठायी म्हणता येणार नाही. ज्या पाण्यावर पिढ्या जगल्या, तेथे आपल्याच जाळ्यास मज्जाव होईल, ही ती धास्ती होती. पुढे २००१ मध्ये प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले.

जगात इतरत्र प्रवाळांवर वेगळेच संकट होते. १९६०च्या दशकात फिलिपिन्समध्ये शोभेचे मासे पकडण्यासाठी सायनाइड वापरले जाऊ लागले. मासा गुंगतो, हाती लागतो, प्रवाळ मरतो. दिवाणखान्यातील खाऱ्या पाण्याची टाकी अशी भरत असे.

पर्याय क्लाऊनफिशनेच दाखवला. या माशाची जोडी समुद्रफुलाशेजारच्या कठीण पृष्ठावर अंडी घालते आणि नर त्यांची राखण करतो. साधारण आठवड्याने, अंधार पडल्यावर, पिल्ले बाहेर येतात. त्यांना आधी सूक्ष्म रोटिफर, मग आर्टेमिया. पहिले दोन आठवडे निभावले की अंगावर पट्टे उमटू लागतात. १९७०च्या दशकात फ्लोरिडात मार्टिन मो यांनी हे व्यापारी प्रमाणावर साधले. भारतात केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या विळिंजम व मंडपम केंद्रांनी ही पैदास यशस्वी केली. महाराष्ट्रात ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही हे काम सुरू झाले. (‘फाइंडिंग निमो’ आला २००३ मध्ये, मासा घराघरांत ओळखीचा झाला तो त्यानंतर.)

टाकीत जन्मलेला मासा घरी सहज रुळतो. कोरडे दाणे खातो, समुद्रफुलावाचूनही राहतो. २५ ते २८ अंश तापमान आणि स्थिर क्षारता मात्र हवीच.

मालवणच्या दृष्टीने यातील महत्त्वाची बाब एवढीच, की या व्यवसायात खडकाला हात लावावा लागत नाही. समुद्राचे पाणी दाराशी आहे, माशाची पारख रक्तात आहे. पण अखंड वीज आणि खात्रीचे बीज लागते. शिवाय गिऱ्हाईक बसते मुंबई-पुण्यास. तेथील दुकानात समुद्रातून धरलेला आणि टाकीत वाढलेला मासा शेजारी ठेवले, तर सामान्य गिऱ्हाइकास फरक कळत नाही. हा मासा कोठून आणला, हे दुकानदारास विचारावे लागते.